मॉरिशसला जाल तर बसने फिरा
— एक ऊस उत्पादक सभासद



मॉरिशस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे चित्र येते. निळा समुद्र, पांढरी वाळू, एक वाकलेला नारळ. नवे लग्न झालेली जोडपी तिकडे जातात, एवढेच आपल्याला ठाऊक. पण हे बेट दोनशे वर्षे उसावर जगले, आणि तो ऊस लावायला, खुरपायला, तोडायला माणसे गेली ती आपल्या देशातून. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. तेव्हा नव्या जोडप्यांपेक्षा तिकडे जाण्याचा हक्क आपल्यासारख्या ऊसवाल्यांचा जास्त, असे माझे म्हणणे आहे.

गेल्या वर्षी आडसालीची लागण उरकून आम्ही दोघे नवरा-बायको आठ दिवस जाऊन आलो. तिकिटे मुलाने काढून दिली. वार्षिक सभेला भेटलेल्या मंडळींनी विचारले, "कसं गेलात? भाषा कळली का? फिरलात कशानं?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा वार्तापत्रातच लिहावे असे ठरवले.

आपला हंगाम बंद, त्यांचा चालू

मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, सुमारे २० अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे ऋतू आपल्या उलट. जून ते ऑक्टोबर हा त्यांचा थंड आणि कोरडा काळ, आणि साधारण जूनअखेरपासून डिसेंबरपर्यंत त्यांचे गळीत चालते. म्हणजे आपले कारखाने ओव्हरहॉलिंगला असतात तेव्हा तिकडे तोडणी जोरात असते. ऊसवाल्याला जायला ऑगस्ट-सप्टेंबरइतका सोयीचा काळ दुसरा नाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळाची भीती. मोठ्या वादळाचा इशारा लागला की बस, मेट्रो, विमान सगळे बंद, आणि पाहुणा खोलीत कोंडून.

थंड म्हणजे किती? किनाऱ्यावर आपल्या कार्तिकातल्या सकाळीसारखे. पण मधल्या पठारावर क्युरपीप नावाचे गाव आहे, तिथे धुके आणि भुरभुर पाऊस कायमचा. स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या. मी "बेटावर कसला आलाय गारठा" म्हणून स्वेटर घरी ठेवला आणि पहिल्या दिवशी सौ.ची शाल पांघरून हिंडलो.

जाण्याची तयारी

मुंबईहून थेट विमान आहे. साधारण सहा तासांचा प्रवास. त्यांचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. पर्यटनाला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचे तिकीट, उतरण्याच्या जागेचा कागद आणि खर्चाचे पैसे दाखवले की विमानतळावर शिक्का मिळतो. निघण्यापूर्वी एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो घरातल्या पोरांकडून भरून घ्या. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करावी.

चलन त्यांचेही रुपयाच, पण आपल्या रुपयापेक्षा जड. फेब्रुवारी २०२४ पासून आपले यूपीआय तिथे सुरू झाले आहे. तरी बसच्या कंडक्टरला रोखच द्यावी लागते, हे ध्यानात ठेवून सुटे पैसे जवळ बाळगा.

भाषेची भीती नको. लोक आपसांत क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये निघतात, सरकारी पाट्या इंग्रजीत असतात. पण वस्तीतली निम्म्याहून जास्त माणसे हिंदुस्थानी वंशाची. मोडके हिंदी बोला, कोणीतरी पुढे येतोच. "मेर्सी" म्हणजे आभार, "कोम्ये?" म्हणजे केवढ्याला. एवढ्या दोन शब्दांवर आमच्या मंडळींनी आठ दिवस बाजार केला.

फिरायचे कसे

बेट केवढे? लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या चौथाई-पाचव्या हिश्शाएवढे. कुठूनही निघा, दोन-अडीच तासांत समुद्र लागतो. म्हणून रोज बाडबिस्तारा हलवण्याची गरज नाही. मध्ये कुठेतरी मुक्काम करावा आणि रोज एक दिशा धरावी. आम्ही पठारावरच्या काट्र बोर्न गावात एका साध्या घरगुती लॉजवर उतरलो.

पूर्वी या बेटावर रेल्वे होती. १८६४ साली सुरू झाली, साखरेची पोती बंदरावर नेण्यासाठी तिचा मोठा उपयोग. १९५६ ला उतारूंची गाडी थांबली, १९६४ ला मालाचीही. मग पंचावन्न वर्षे रूळच नव्हते. आता भारताच्या मदतीने मेट्रो झाली आहे. राजधानी पोर्ट लुईपासून ती निघाली आणि २०२२ साली क्युरपीपपर्यंत पोचली. आमच्या लॉजजवळच तिचे स्टेशन. स्वच्छ, वेळेवर.

पण खरी मजा बसची. बेटावरचे जवळजवळ प्रत्येक गाव बसने जोडलेले आहे. पाटी समोर, कंडक्टर आत, तिकीट हातात. आपल्या एसटीचाच संसार. पोर्ट लुईत दोन मोठे स्टँड आहेत. दक्षिणेकडे आणि पठारावर जायचे तर व्हिक्टोरिया, उत्तरेकडे जायचे तर इमिग्रेशन. एवढे पाठ केले की माणूस चुकत नाही.

टूरवाल्यांची गाडी हॉटेलातून निघते आणि दुसऱ्या हॉटेलात पोचते. बस मात्र उसातून जाते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच गाव, देऊळ, शाळा, परत ऊस. रानाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले, दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. शेत करायचे तर आधी दगड वेचायचा. ते ढीग आपल्या मजुरांनी हातांनी वेचून रचलेले आहेत. सौ. खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आपल्या माळाची ताल घालताना मामंजींनी असंच केलं होतं की." मी गप्प बसलो. मामंजींनी स्वतःच्या रानातला दगड काढला होता. या माणसांनी दुसऱ्याच्या.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुईच्या बंदराला लागून, इमिग्रेशन स्टँडजवळच, आप्रवासी घाट आहे. पहिला दिवस तिथेच द्या. १८३५ साली इंग्रजांनी या बेटावरची गुलामी बंद केली. उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे आणायला सुरुवात झाली होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे इथे उतरली. करार पाच वर्षांचा. सुरुवातीला गड्याला महिना पाच रुपये पगार. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत.

जहाजातून उतरलेला माणूस दगडी सोळा पायऱ्या चढून वर येई, त्याचे नाव लिहून त्याला नंबर दिला जाई आणि मग तो मळ्यावर जाई. त्या पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा म्हणून जपली जाते. वर-खाली करायला एक मिनिटही लागत नाही. पण खालच्या पायरीशी उभे राहून समुद्राकडे तोंड केले की पोटात कालवते. आपण सहा तासांत चहा-जेवण करीत येतो. ते शिडाच्या जहाजातून कित्येक आठवडे हेलकावत आले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपला गाव परत पाहिला नाही.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसे होती, मुख्यतः रत्नागिरीकडची. त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढ्या आज तिथे नांदताहेत. शाळांतून मराठी शिकवले जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीचा नाच तिथे झाकरी म्हणून टिकला आहे.

व्होक्वाच्या बस थांब्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सौ.चे नऊवारी बघून जवळ आले. हात जोडून शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "नमस्कार. आपण कोठून आला आहात?" सौ. म्हणाली, "सांगली जिल्ह्यातनं आलोय, भाऊ." त्यांना 'आलोय' कळेना. मराठी शाळेत शिकलेले, घरात बोलणे क्रिओल. मी पुस्तकी करून सांगितले तेव्हा हसले. पणजोबा मुंबईहून जहाजावर चढले एवढे त्यांना माहीत, गावाचे नाव माहीत नाही. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या जुन्या नोंदी ठेवल्या आहेत, तिथे जाऊन ते शोध घेणार होते. बस येईपर्यंत त्यांनी सौ.ला तीनदा विचारले, "आपल्या गावात आता पाऊस पडत असेल का?"

गप्प झालेला कारखाना

दुसऱ्या दिवशी इमिग्रेशन स्टँडवरून पांप्लमूसची बस धरली. तिथली बाग प्रसिद्ध आहे. परातीएवढ्या पानांची कमळे बघायला सगळे जातात. आम्हीही पाहिली. पण ऊसवाल्याची जागा बागेपासून जवळच, बो प्लान नावाच्या साखर कारखान्यात. हा कारखाना १९९९ साली बंद झाला आणि २००२ पासून तिथे साखरेचे म्युझियम आहे.

आत गेलो. मिलचे रोलर, चक्रे, पॅन, धुराडे सगळे जागच्या जागी. रंग दिलेला, पाट्या लावलेल्या. डच लोकांनी १६३९ साली जावाहून ऊस आणला इथपासून आजपर्यंतची हकीकत मांडलेली. शेवटी वेगवेगळ्या तपकिरी साखरा चमच्याने चाखायला देतात. काकवीच्या वासाची एक साखर सौ.ला फार आवडली. सगळे खरे, पण माझे लक्ष लागेना. ऐन गळिताच्या दिवसांत कारखाना आणि आवाज नाही! ना भोंगा, ना काट्यावरची रांग, ना मळीचा वास. रोलरवर हात ठेवला तर थंडगार. ज्याने आयुष्यभर कारखान्याचा भोंगा ऐकून जेवणाची वेळ साधली आहे, त्यालाच तो गारवा कळेल.

असे का झाले, ते आपण नीट समजून घ्यावे. १८६० च्या दशकात या एवढ्याशा बेटावर तीनशेच्या आसपास कारखाने होते. आज ते हाताच्या बोटांवर मोजता येतात. लहान कारखाने बंद करून ऊस मोठ्यांकडे वळवण्याचे काम तर आधीपासूनच चालू होते. पण मोठा फटका बसला तो भावाचा. १९७५ पासून युरोपातल्या देशांनी मॉरिशसची साखर ठरावीक प्रमाणात, ठरावीक भावाने घ्यायचा करार होता, आणि तो भाव जगाच्या बाजारापेक्षा बहुधा बराच चढा असे. त्यावर देश उभा राहिला. २००६ पासून चार वर्षांत युरोपने तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि जुना करार २००९ मध्ये संपला. भाव ठरवणारा साता समुद्रापलीकडे, आणि उसात उभा असलेला माणूस इकडे. ज्यांनी चिपाडापासून वीज, खास प्रकारची साखर आणि मळीपासून मद्यार्क असे जोडधंदे धरले ते कारखाने टिकले. बाकीच्यांची धुराडी आज उसाच्या रानात एकटी उभी दिसतात.

फ्लाकची बस आणि चुकलेली वेळ

तिसऱ्या दिवशी पूर्वेला फ्लाककडे गेलो. बुधवारी आणि रविवारी तिथे मोठा बाजार भरतो. बाजारात दाल पुरी खाल्ली. मैद्याच्या पातळ पोळीत शिजवलेल्या वाटल्या डाळीचे सारण, वर घेवड्याचे कालवण आणि चटणी, कागदात गुंडाळून. सौ. म्हणाली, "पुरणपोळीच ही. गूळ घालायचा तेवढा राहिला."

बाजारातून पुढच्या एका खेड्यात उतरलो आणि रस्त्याकडेला तोडणी चालली होती तिथे थांबलो. म्हातारा शेतकरी, भोजपुरी बोलणारा. आमच्या हिंदीला त्याची भोजपुरी बरी जुळली. त्याची पद्धत ऐकून मी चाट पडलो. एकदा लावलेला ऊस सात-आठ वर्षे खोडव्यावरच चालवतात. पाणी बहुतेक ठिकाणी पावसाचे. टनेज आपल्या मानाने कमी. पूर्वीचा हिशेब सांगितला तो असा : त्याच्या उसातून निघालेल्या साखरेचे शंभर भाग केले तर ७८ त्याचे आणि २२ कारखान्याचे. म्हणजे शेतकऱ्याला उसाचा नव्हे, साखरेचा वाटा.

मी विचारले, "सगळं रान उसाचंच?" त्याने पलीकडे हात केला. अर्धे रान पडीक, झुडपे माजलेली. "काटेगा कौन?" म्हणाला. मोठ्या मळ्यांत यंत्राने तोडणी होते. त्याच्या दगडाळ तुकड्यात यंत्र जात नाही. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मुले हॉटेलात आणि ऑफिसात. बेटावर उसाखालचे क्षेत्र १९७० च्या दशकातल्या मानाने निम्म्याहूनही खाली आले आहे ते असेच, एकेका बांधाने.

याच फ्लाक भागात १९३७ साली ऊसवाल्यांचा उठाव झाला होता. लहान शेतकरी 'उबा' जातीचा ऊस लावत. कारखान्यांनी त्या जातीचा भाव १५ टक्के कापला. शेतकरी आणि मजूर रस्त्यावर आले, युनियन फ्लाक मळ्यावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्याआधी १९१३ साली, सावकाराच्या तावडीतून लहान ऊसवाल्याला सोडवायला तिथे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता. पतपुरवठ्याच्या सोसायट्या झाल्या, पण कारखाने मळेवाल्यांचेच राहिले. आपल्याकडे प्रवरेला शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला, त्याचे मोल मला त्या पडीक रानाकडे बघताना जास्त कळले.

बोलण्यात वेळ गेला. खेड्यांतल्या बस दिवस मावळला की बंद होतात हे आम्हाला लॉजवर सांगितले होते, तरी आम्ही विसरलो. अंधार पडला, बस नाही. एक टॅक्सी मिळाली. घाईत भाडे न ठरवता बसलो, आणि उतरताना त्याने सांगितलेला आकडा ऐकून आठ दिवसांच्या बस-तिकिटांचा हिशेब एका रात्रीत पुरा झाला. मीटरच्या भरवशावर राहू नका. आधी भाडे ठरवावे, मग दार उघडावे.

उरलेले थोडक्यात

गंगा तलाव हे डोंगरातले तळे. १९७२ साली तिथे गंगेचे पाणी आणून ओतले. महाशिवरात्रीला लाखो लोक कावड घेऊन पायी येतात. आपल्या वारीची आठवण यावी. तिकडे टॅक्सीच बरी. जवळच शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती एकाच फेरीत होते. नैर्ऋत्येला ल मॉर्न डोंगर आहे. गुलामीतून पळालेली माणसे त्याच्या कड्यावर लपत. समुद्र कुठेही पाहावा. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे, त्यामुळे आतले पाणी शांत. पायात रबरी बूट घाला, काटेरी प्राणी असतात. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर वारा फार, पश्चिमेला बरे.

जाणाऱ्यांसाठी

१. मुक्काम पठारावर मेट्रोजवळ करा, म्हणजे चारी दिशा सारख्या पडतात.
२. लांबच्या गावी सकाळी निघा. तिथे उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला विचारा.
३. चालू कारखाना पाहायचा तर आधी परवानगी मागवा. आयत्या वेळी गेटवर उभे राहून काम होत नाही.
४. उसाची कांडी, डोळा, बी काहीही आणू नका आणि नेऊ नका. मलाही मोह झाला होता. पण एका कांडीबरोबर रोग येतो आणि तो मग सगळ्या खोऱ्याला भोवतो. दोन्ही देशांत परवान्याशिवाय मनाई आहे.
५. मराठी माणूस भेटला तर सावकाश बोला.

परतीच्या विमानातून खाली हिरवे चौकोन दिसत होते आणि त्यांच्या मधोमध काळे ठिपके, दगडांचे ढीग. सौ.ने विचारले, "त्या भाऊंना त्यांचं गाव सापडेल का हो?" मला सांगता आले नाही. पुढच्या ऑगस्टात आपल्यापैकी कोणी गेले आणि व्होक्वाच्या थांब्यावर ते गृहस्थ भेटले, तर आमचा नमस्कार सांगा. आणि सांगा की होय, आपल्या गावात आता पाऊस पडत असतो.